आज रोख, उद्या बंदूक

आमच्या लहानपणी प्रत्येक किराणा दुकानात गल्ल्याच्या डोक्यावर एक पाटी असायची : 'आज रोख, उद्या उधार'. जगातल्या यच्चयावत बँकांचं तत्त्वज्ञान या चार शब्दांत सामावलेलं आहे, असं माझं मत आहे. फरक एवढाच, की वाण्यानं ते खडूनं लिहिलं आणि फुकट वाचू दिलं. बँका तेच तत्त्वज्ञान बारीक टायपात अठ्ठावीस पानांवर छापतात आणि खाली तीन ठिकाणी सही मागतात. मात्र सावकार काय, पतपेढी काय आणि बँक काय, एका बाबतीत या सगळ्यांचं एकमत असतं. पैसा परत कधी येणार याची चौकशी खोदून खोदून करावी. पण एकदा तो गिऱ्हाइकाच्या खिशात गेला, की तो त्याचं काय करतो हे पाहू नये. बहिणीच्या लग्नासाठी म्हणून काढलेल्या कर्जातून स्कूटर घेतलेले आणि स्कूटरसाठी काढलेल्या कर्जातून लग्न लावलेले असे दोन्ही प्रकारचे गृहस्थ माझ्या ओळखीत आहेत. दोघांचेही हप्ते वेळेवर गेले आणि बँकेनं दोघांनाही सारख्याच प्रेमानं दिवाळीला कॅलेंडर दिलं.

अमेरिकेत मात्र गेली काही वर्षं बँकांना हा नको तो प्रश्न पडू लागला आहे. गिऱ्हाईक आपल्या कार्डावर काय विकत घेतं? आणि तोही भलत्याच वस्तूच्या बाबतीत. साबणाच्या नाही, साडीच्या नाही. बंदुकीच्या!

आता बंदूक आणि आपण यांचा संबंध तो काय? आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवाना लागतो आणि तो मिळवायला जेवढे हेलपाटे घालावे लागतात, तेवढ्यात माणसाचा राग शांत होतो. मध्यमवर्गीय घरात सगळ्यात भयंकर शस्त्र म्हणजे विळी, आणि तिची धारही जिभेपुढे फिकी. त्यामुळे हे सगळं प्रकरण मला कळायचं काही कारण नव्हतं. पण माझा भाचा टेक्सासमध्ये असतो आणि मध्यंतरी मी त्याच्याकडे महिनाभर राहून आलो.

एक दिवस भाचा मला घडीची खुर्ची घ्यायला खेळाच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेला. आपल्याकडे खेळाचं सामान म्हणजे कॅरम, बॅट आणि फार तर शटलकॉकचा डबा. तिथे आधी तंबू लागले, मग मासे पकडायच्या काठ्या लागल्या आणि त्यांच्या पुढे भिंतीला ओळीनं बंदुका. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे छत्र्या मांडतात, तशा! एक आजोबा त्यातली एक हातात घेऊन, मिटलेल्या डोळ्याच्या दिशेनं मान कलती करून पाहत होते. दुकानदारानं त्यांना फॉर्म भरायला दिला. भाच्यानं सांगितलं, की त्यात 'तुम्ही कायद्यापासून फरारी आहात काय?' असा एक प्रश्न असतो. 'होय, फरारी आहे, कळावे, लोभ असावा' असं लिहिणारा प्रामाणिक गुन्हेगार जगात असेल तर त्याला बंदूक काय, रास्तभाव दुकान चालवायला द्यायला हरकत नाही. पण त्यांचा सगळा भरवसा त्या उत्तरावर नसतो. १९९८ पासून एफबीआयकडे अशी नोंद तपासायची सोय आहे आणि दुकानदार तिथे विचारणा करतो. ती झाली, आजोबांनी पाकिटातून कार्ड काढलं, यंत्राला लावलं आणि बंदूक घेऊन गेले. आमच्या खुर्चीला त्याहून जास्त वेळ लागला, कारण तिच्यावरचं किमतीचं लेबल पडलं होतं.

"यांच्या घटनेतच आहे, मामा," भाचा म्हणाला. "१७९१ ची दुसरी दुरुस्ती. शस्त्र बाळगायचा हक्क."

ती दुरुस्ती मी घरी येऊन वाचली. इंग्रजीत एकच वाक्य आहे, सत्तावीस शब्दांचं. आपली साधी लग्नपत्रिका याहून मोठी असते. पण या सत्तावीस शब्दांवरून आणि त्यातल्या स्वल्पविरामांवरून तिथले विद्वान, वकील आणि न्यायमूर्ती आजवर भांडताहेत. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घावरून भांडतात म्हणून आपण उगीच खंतावतो.

तर कार्ड यंत्राला लावलं, या तीन शब्दांत मी जे उरकलं, त्यात वास्तविक पाच पात्रं असतात. एक गिऱ्हाईक, एक दुकानदार, एक गिऱ्हाइकाची बँक, एक दुकानदाराची बँक आणि या सगळ्यांच्या मधे निरोप पोचवणारी व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखी कंपनी. खेरीज हिशेब जुळवणारे मध्यस्थ निराळे. आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नातही इतके मध्यस्थ नसतात. यांतल्या कुणा एकानंही नाक मुरडलं, की सौदा मोडला. पेपॅल, स्ट्राइप, स्क्वेअर या पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांनी बंदुकीच्या विक्रीला आपल्या नियमांतच मनाई करून ठेवली आहे. कायद्यानं तसं सांगितलेलं नाही. त्यांनी आपणहून ठरवलं, 'हा माल आमच्या दारातून न्यायचा नाही.'

या व्यवहारात प्रत्येक दुकानाला एक चार आकडी नंबर असतो. दुकान कसलं आहे, ते त्या नंबरावरून कळतं. फुलवाल्याला ५९९२, बेकरीला ५४६२, आणि डोक्याला लावायचे केसांचे टोप विकणाऱ्याला ५६९८. होय, टोपवाल्याला स्वतंत्र नंबर आहे! म्हणजे माणूस आपलं टक्कल जगापासून लपवायला जातो आणि त्याची पहिली वर्दी बँकेला लागते. बंदुकीच्या दुकानाला मात्र २०२२ पर्यंत स्वतःचा नंबर नव्हता. ते कधी खेळाच्या सामानात मोडायचं, तर कधी 'इतर किरकोळ' या सदरात. आमच्या घरच्या जमाखर्चात 'किरकोळ' या सदरात काय काय दडलेलं असतं, ते मला ठाऊक आहे. पण त्यात बंदूक कधी निघाली नाही.

हा नंबर मागायला पुढे कोण आलं असेल? अमॅल्गमेटेड बँक. न्यूयॉर्कच्या शिवणकाम करणाऱ्या कामगारांच्या संघटनेनं १९२३ साली काढलेली ही बँक. थोडक्यात, शिंप्यांची बँक! अर्ज केला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं तो मंजूर केला. बंदुकीच्या दुकानाचा नंबर ठरला ५७२३. व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्स्प्रेस तिघांनी माना डोलावल्या. मग गदारोळ झाला आणि मार्च २०२३ मध्ये तिघांनीही 'तूर्त थांबू या' म्हटलं. त्याच वर्षी फ्लोरिडा राज्यानं कायदा केला, की हा नंबर वापराल तर एकेका चुकीला दहा हजार डॉलरपर्यंत दंड. आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियानं कायदा केला, की हा नंबर वापरलाच पाहिजे. एकाच देशात एकच आकडा एका दारात सोवळ्यात आणि दुसऱ्या दारात ओवळ्यात! आपण राज्या-राज्यांतल्या वादांना हसतो, ते उगाच.

आणि गंमत अशी, की या नंबरावरून तुम्ही काय घेतलं ते कळतच नाही. फक्त कुठल्या दुकानातून किती पैशांचं घेतलं एवढंच कळतं. बंदुकीच्या दुकानातून तुम्ही बंदूक कुलपात ठेवायची तिजोरी घेतलीत, तरी नंबर तोच. आणि जिथे टोमॅटो, पायमोजे नि बंदूक एका छपराखाली मिळतात, अशा भल्यामोठ्या दुकानातून बंदूक घेतलीत तर तिथे हा नंबर नाहीच. म्हणजे सावध माणूस संशयित आणि पायमोज्यांबरोबर बंदूक नेणारा सज्जन.

हे सगळं मला ज्यांच्याकडून कळलं, ते भाच्याचे शेजारी. साठीच्या पुढचे, गावातल्या लहानशा बंदुकीच्या दुकानाचे मालक. माणूस इतका भला, की पहिल्या दिवशी माझ्यासाठी घरच्या झाडाची पीच फळं घेऊन आला. शाकाहारी म्हणजे काय, हे तो तीन दिवस आस्थेनं समजून घेत होता. त्याच्या मनात एकच सल होता. काही वर्षांपूर्वी त्याचा कार्डांचा हिशेब बघणाऱ्या एका कंपनीनं त्याला दोन ओळींचं पत्र पाठवून खातं बंद केलं. कारण दिलं नाही.

"माझ्याकडे सरकारचा परवाना आहे, मी कर भरतो, फॉर्म तपासतो," तो म्हणाला. "बंदूक विकणं गुन्हा असेल तर कायदा करा आणि मला तुरुंगात टाका. पण कायदा म्हणतो वीक आणि बँक म्हणते विकू नकोस. मी ऐकू कुणाचं?"

प्रश्न रास्त होता. त्याच्या रागाला इतिहासही होता. २०११ मध्ये बँकांच्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेनं धोक्याच्या धंद्यांची एक यादी प्रसिद्ध केली. तीत बंदुका आणि काडतुसं होतीच, पण त्यांच्या पंगतीला फटाके, तंबाखू, लॉटरी, पैसे दामदुप्पट करून देणारे भामटे आणि चक्क जोडीदार जुळवून देणाऱ्या संस्था! म्हणजे आपली वधूवरसूचक मंडळं. (हा धंदा धोक्याचा आहे, याबद्दल अनेक विवाहितांचं त्या संस्थेशी एकमत होईल.) मग २०१३ मध्ये तिथल्या न्याय खात्यानं एक मोहीम काढली. नाव काय, तर 'ऑपरेशन चोक पॉइंट'. सरळ मराठीत गळचेपी. भामट्यांची नाडी बँकेच्या हातून आवळायची, असा तिचा हेतू. पण नाडी आवळताना बँका कुणाचा गळा हाती येतो ते फारसं बघत नाहीत. ओरड झाली, २०१४ मध्ये ती यादी मागे घेतली गेली आणि २०१७ मध्ये मोहीम बंद झाली.

पुढच्याच वर्षी, १४ फेब्रुवारी २०१८ ला, फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत एका माजी विद्यार्थ्यानं सतरा जणांना गोळ्या घालून मारलं. महिन्याभरानं सिटीग्रुप या बड्या बँकेनं आपल्याशी व्यवहार करणाऱ्या दुकानांना अटी घातल्या : एकवीस वर्षांखालच्यांना बंदूक नाही, तपासणी पुरी झाल्याशिवाय विक्री नाही. एप्रिलमध्ये बँक ऑफ अमेरिकेनं जाहीर केलं, की नागरिकांसाठी लष्करी थाटाच्या रायफली बनवणाऱ्यांना आम्ही कर्ज देणार नाही. बँकेला अंतःकरण फुटलं! पण टेक्सास म्हणालं, ठीक आहे. २०२१ मध्ये त्यांनी कायदा केला, की बंदूकवाल्यांशी भेदभाव करणाऱ्या कंपन्यांना सरकारी कामं मिळणार नाहीत. सरकारी कर्जरोखे विकण्याचं गलेलठ्ठ कमिशन त्यात आलं. आणि २०२३ च्या जानेवारीत राज्याच्या ॲटर्नी जनरलनं सिटीला त्या पंगतीतून उठवलंच. जून २०२५ मध्ये सिटीनं आपल्या अटी मागे घेतल्या. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हुकूम काढला, की राजकीय मतं किंवा कायदेशीर धंदा पाहून बँकांनी कुणाला खातं नाकारू नये. वारा पाहून पाठ फिरवावी, हे आपल्या म्हाताऱ्यांनी सांगून ठेवलं आहे. बँका ते जास्त मनावर घेतात, इतकंच.

त्या रात्री जेवताना मी शेजाऱ्याची बाजू जरा उत्साहानं मांडली. भाचा वरणात बुडालेला होता. भाचेसून मात्र वाढता वाढता थांबली.

"मामा, त्यांचं खातं बंद झालं ना? मग त्यांनी दुसरीकडे उघडलं," ती म्हणाली. "तुम्ही आपल्या बाळाला विचारा, त्यांच्या शाळेत परवा काय झालं ते."

बाळ म्हणजे माझा सहा वर्षांचा नातू. त्यानं तोंडातला घास संपवला आणि अभिमानानं सांगितलं, "आजोबा, आमच्याकडे गप्प बसायची शर्यत असते. टीचर दिवा बंद करतात, दाराला कडी लावतात. आम्ही सगळे कोपऱ्यात बसतो. जो हलणार नाही, बोलणार नाही, तो जिंकतो. मी जिंकलो!"

आमच्या वर्गात गप्प बसायला लावायचे ते मास्तरांना डुलकी लागावी म्हणून. मला पटकन काही बोलायला सुचेना. मी नातवाला शाबासकी दिली आणि ताटातल्या कोशिंबिरीकडे पाहत राहिलो.

मग भाचेसुनेनं मला ऑर्लँडोची गोष्ट सांगितली. जून २०१६ मध्ये तिथल्या एका नाइटक्लबात एका माणसानं एकोणपन्नास जणांना ठार मारलं. आधीच्या बारा दिवसांत त्यानं कार्डांवर सव्वीस हजार डॉलरांहून जास्त उधळले होते. त्यात बंदुका, काडतुसं आली. एवढंच नव्हे, तर असा वेगळा खर्च कार्ड कंपनीच्या डोळ्यांवर येतो का, हेही त्यानं इंटरनेटवर शोधून पाहिलं होतं. म्हणजे बँक आपल्याकडे बघत असेल अशी भीती जगात फक्त त्या एका माणसाला वाटली. बँक बघत नव्हती.

मला राग आला तो याचा. कारण माझी बँक बघते! त्याच प्रवासात एका विमानतळावर मी कॉफी आणि एक शिळं सँडविच घेतलं. बारा डॉलर. दहा मिनिटांत माझं कार्ड बंद. भारतात तेव्हा मध्यरात्र असणार, तरी तिकडून एका मुलीचा काळजीनं भरलेला फोन, "सर, हे सँडविच आपणच घेतलंत का?" माझ्या सँडविचवर अशी पाळत ठेवणाऱ्या यंत्रांना बारा दिवसांतले सव्वीस हजार डॉलर दिसू नयेत? दिसले असतीलही. पण ती यंत्रं एवढंच बघतात, की कार्ड चोराच्या हातात तर नाही ना? कार्ड ज्याचं त्याच्याच हातात होतं. बँकेच्या दृष्टीनं सगळं ठीक होतं.

अशा वेळी मला आमच्या गावच्या वाण्याची आठवण होते. त्याच्याकडे उंदराचं औषध मिळायचं. एकदा शेजारच्या आळीतली एक सासुरवाशीण भर दुपारी, डोळे पुसत ते मागायला आली. फळीवर डबा भरलेला होता, आणि मी समोर गूळ घेत उभा होतो. वाणी शांतपणे म्हणाला, "संपलंय, ताई. उद्या या." आणि ती वळल्याबरोबर त्यानं पोऱ्याला तिच्या आईकडे पिटाळलं. वाण्यानं कसला नंबर पाहिला नाही, कुठल्या यादीत तिचं नाव शोधलं नाही. त्यानं तोंड पाहिलं. शिवाय दुसऱ्या दिवशी खरोखर उंदरांसाठी आलेल्या आमच्या काकूंना त्यानं औषध दिलं, आणि भाव नेहमीपेक्षा एक आणा जास्त लावला. धंदा आणि माणुसकी यांची सरमिसळ त्यानं कधी होऊ दिली नाही.

बँकेला तोंड दिसत नाही, ही खरी अडचण आहे. तोंड दिसत नाही म्हणून ती यादी करते. आणि यादी केली, की शेजारचे पीचवाले सद्गृहस्थ आणि तो ऑर्लँडोचा माणूस एकाच ओळीत बसतात. खातं बंद होतं ते पीचवाल्याचं.

यावर काही जण म्हणतील, होऊ दे की! पण मी महाराष्ट्रातला माणूस. गावानं कुणाला वाळीत टाकलं, की विहिरीवर पाणी नाही, न्हावी दाढी करणार नाही, मयताला खांदेकरी नाहीत, हे आपल्याकडे घडलेलं आहे. इतकं, की २०१६ मध्ये त्याविरुद्ध आपल्या विधिमंडळाला खास कायदा करावा लागला. आजच्या काळात ज्याचं खातं बंद, कार्ड बंद, तो वाळीत टाकल्यासारखाच. निदान पूर्वी वाळीत टाकणारे पंच पारावर बसलेले दिसत तरी होते. आता दोन ओळींचं पत्र येतं आणि खाली सहीसुद्धा नसते. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयातले नऊच्या नऊ न्यायमूर्ती एका बाबतीत एकमतानं म्हणाले, की सरकारी अधिकाऱ्यानं बँकांना, विमा कंपन्यांना दटावून नावडत्या मताच्या संस्थेचा गळा आवळायचा नाही. खटला बंदूकवाल्यांच्या संघटनेचा होता. पण उद्या तो कुणाचाही असू शकतो, हे नऊ जणांना पटलं. त्या देशात नऊ न्यायमूर्तींचं एकमत होणं म्हणजे आपल्या सोसायटीच्या सभेत पार्किंगचा ठराव बिनविरोध पास होण्यासारखं आहे.

मग बाकीच्यांनी जायचं कुठे? लोक कायदेमंडळाकडे गेले, तिथे दारं लावलेली. म्हणून बँकेच्या खिडकीशी रांग लावली. खिडकीवाला म्हणतो, माझं काम पैसे मोजणं. त्याचंही बरोबर आहे. पण ज्याचं काम माणसं मोजणं, तो जागेवर नाही आणि कधी येणार ते कुणी सांगत नाही. मधल्या वेळात सहा वर्षांची पोरं गप्प बसायच्या शर्यती जिंकताहेत.

मी परत आलो तो नोव्हेंबर लागला होता. पेन्शनरांच्या रांगेत उभा राहून हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. खिडकीतल्या मुलीनं कागद पाहिला, मग चष्मा वर करून माझं तोंड पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. "सही जरा वेगळी वाटतेय, काका," ती म्हणाली. "तब्येत बरी आहे ना?"

एरवी मी चिडलो असतो. दरवर्षी चिडतो. आपण जिवंत आहोत हे लेखी द्यावं लागावं, यासारखा दुसरा अपमान नाही. या खेपेला मात्र मी तिला, माझी तब्येत कशी आहे ते चांगलं पाच मिनिटं सांगितलं. मागच्या रांगेतून ओरड झाली, तेव्हा थांबलो.